पायथन दोन ते तीन : बारा वर्षांचा प्रवास

आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यांच्यासमोर 'पायथन दोन' एवढंच म्हणा, एक सुस्कारा नक्की ऐकू येईल. आज त्यामागचा इतिहास.

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली पायथन ही संगणकभाषा जगापुढे आणली. तिच्या लेखी मजकूर म्हणजे नुसती बाइट्सची माळ. २००० साली पायथन २ मध्ये युनिकोडसाठी वेगळा प्रकार आला, पण जुनाही राहिला. दोन्ही एकत्र आले, की पायथन धरून चालायचं की मजकूर साध्या इंग्रजी अक्षरांतलाच आहे. त्यामुळे इंग्रजी नावांवर सुरळीत चालणारा प्रोग्राम देवनागरी नाव येताच कोसळायचा. यूटीएफ-८ मधल्या 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर यायचं १५. कारण तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं.

३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३ आलं. मजकूर वेगळा, बाइट्स वेगळे. 'मराठी'ची लांबी झाली ५ : तीन अक्षरं, एक काना, एक वेलांटी.

पण जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालेनात. 'प्रिंट'ला कंस लागू लागले. ५ भागिले २ चं उत्तर पूर्वी २ यायचं, आता अडीच.

एकदाच रूपांतर करा आणि पुढे चला, अशी कल्पना होती. त्यासाठी साधनही दिलं होतं. पण प्रत्येक प्रोग्राम इतरांच्या लायब्रऱ्यांवर उभा असतो. लायब्ररी बदलल्याशिवाय आपण हलणार कसे? आणि लायब्ररीवाले म्हणणार, आमचे वापरणारे जुन्यावरच आहेत, त्यांना सोडू कसं?

मग तडजोड झाली. पायथन २ मध्ये युनिकोड मजकुराआधी 'यू' हे अक्षर लावत. पायथन ३ ने ते काढून टाकलं होतं. २०१२ साली, ३.३ मध्ये, ते परत आलं. नव्या भाषेला त्याची गरज नव्हती. एकच प्रोग्राम दोन्हींवर चालावा, एवढ्यासाठीच ते आलं.

पायथन २ चा आधार २०१५ ला संपणार होता, तो २०२० पर्यंत वाढवावा लागला. शेवटची आवृत्ती, २.७.१८, एप्रिल २०२० मध्ये निघाली.

बदल योग्यच होता. मराठी लिहिणाऱ्यांना तर हवाच होता. पण योग्य बदलालाही जुन्या माणसांसाठी वाट ठेवावी लागते. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. इथे मात्र तसंच करून नदी पार झाली.