राहून भाषा येत नाही

परदेशी भाषेचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो. पुस्तकात डोके घालून काही होत नाही, त्या देशात जाऊन राहा, सहा महिन्यांत फडाफडा बोलू लागाल. पुरावा म्हणून बहुधा मिशनरी पुढे केले जातात. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची अठरा-एकोणीस वर्षांची मुले बघा: पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची पट्टी. जोडीजोडीने परक्या गावात दारोदार हिंडतात आणि दीड-दोन वर्षांनी घरी परततात ती नवी भाषा घेऊन. इतके लांब जायचे नसेल तर आपला फादर स्टीफन्स आहेच. इंग्लंडचा माणूस गोव्यात येऊन राहिला आणि त्याने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. तरुण वय, परमुलखातले वास्तव्य आणि श्रद्धेची ओढ या तीन गोष्टी जमल्या की भाषा आपोआप जिभेवर येते, असा हा पूर्वपक्ष आहे.

यातली उदाहरणे खरी आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

वयाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण त्यात फारसा दम नाही. थॉमस स्टीफन्सचा जन्म १५४९चा. एप्रिल १५७९ मध्ये तो लिस्बनहून जहाजात बसला आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरला, तेव्हा तो तिशीत होता. ख्रिस्तपुराण गोव्यातल्या रायतूरला छापून झाले १६१६ मध्ये. सहा महिन्यांचा वायदा करणाऱ्यांनी मधली सदतीस वर्षे एकदा मोजावीत. इंग्रज मिशनरी विल्यम केरीने मराठीचे व्याकरण छापले १८०५ साली, चव्वेचाळिशीच्या आसपास. तरुण रक्ताचा फायदा उच्चारात होत असेल. ग्रंथ लिहिण्याइतकी भाषा त्याने येते, याला आधार नाही.

आता मुख्य मुद्दा, वास्तव्याचा. आपल्या नैयायिकांनी कारण पारखायची एक सोपी कसोटी दिली आहे. अन्वय म्हणजे कारण असेल तिथे कार्य दिसले पाहिजे, आणि व्यतिरेक म्हणजे कारण नसेल तिथे कार्यही दिसता कामा नये. वास्तव्य हे भाषेचे कारण मानायचे तर त्याने या दोन्हींत उत्तीर्ण व्हायला हवे. ते दोन्हींत नापास होते.

व्यतिरेक पाहा. केरी १७९३ मध्ये बंगालात आला आणि १८३४ मध्ये तिथल्याच श्रीरामपूरला वारला. महाराष्ट्रात तो कधी राहिला नाही. तरी मराठीचे व्याकरण, मोडी लिपीतला कोश (१८१०) आणि नव्या कराराचे मराठी भाषांतर ही कामे त्याच्या नावावर आहेत. हे जमले ते फोर्ट विल्यम कॉलेजातले मराठीचे मुख्य पंडित वैजनाथशास्त्री शेजारी बसले होते म्हणून. केरीने प्रस्तावनेत त्यांचे ऋण मान्य केले आहे, हे त्याच्या प्रामाणिकपणाला धरूनच झाले. म्हणजे मराठी मुलखात पाऊल न ठेवता, कलकत्त्यात बसून, एका पंडिताच्या बळावर मराठीचे व्याकरण होऊ शकते.

अन्वयाची गत याहून वाईट. कंपनी सरकारच्या काळात हजारो गोरे या देशात वीस-वीस, तीस-तीस वर्षे राहिले. त्यांच्यातल्या कितीकांची भाषा खानसाम्याला हुकूम सोडण्यापलीकडे गेली नाही. आजचा दाखला हवा असेल तर म्युनिकमध्ये किंवा टोकियोत आठ-दहा वर्षे नोकरी केलेली आपलीच मुले आठवा. कचेरीत इंग्रजी, घरी मराठी, शनिवारी महाराष्ट्र मंडळ. त्यांना जर्मन किंवा जपानी किती येते, हे त्यांच्या तोंडूनच ऐकावे. दोष त्यांचा नाही. ती भाषा बोलल्यावाचून त्यांचे काही अडत नाही.

पण सर्वांत बोलका पुरावा गोव्याचा आहे, आणि तो स्टीफन्सच्याच उदाहरणातून निघतो. गोव्यात स्टीफन्स आयुष्यभर वावरला तो मुख्यतः तिथल्या साष्टीत. तिथल्या घराघरांत, बाजारात, शेतात बोलली जायची ती कोकणी. नुसत्या राहण्याने भाषा येत असती तर त्याला कोकणी आली असती, आणि ती आलीही. ख्रिस्ती तत्त्वांची प्रश्नोत्तरी त्याने कोकणीत लिहिली. कोकणीचे व्याकरणही लिहिले, जे त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, दियोगो रिबैरो या पाद्र्याने भर घालून छापले. पण ख्रिस्तपुराण मराठीत आहे! साष्टीच्या बाजारात कुणीही अकरा हजारांच्या घरातल्या ओव्या होतील अशी मराठी बोलत नव्हते. ती होती पोथ्यांची, पुराणिकांची, कीर्तनाची भाषा. ती कानावर पडून येत नाही. ती वाचावी लागते, जाणत्याकडून समजून घ्यावी लागते, तिचे छंद घोटावे लागतात.

स्टीफन्स ज्या जेझुइट संघाचा होता त्याने हे काम पद्धतशीर केले होते. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात रामायण-महाभारतातल्या कथांच्या कोकणी-मराठी पोथ्या आहेत, रोमन लिपीत उतरवलेल्या. परक्या पाद्र्यांनी अभ्यासासाठी करवून घेतलेले हे साहित्य आहे. यातली एक कडू गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या साष्टीत स्टीफन्स ओव्या रचत होता तिथली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, आणि गोव्यात हिंदूंच्या घरांतून धर्मग्रंथ जप्त केले गेले होते. ज्या परंपरेवर घाव घातला तिच्याच पोथ्यांवर पाद्र्यांची मराठी पोसली. ख्रिस्तपुराणाच्या भाषेचे कौतुक करताना आपले समीक्षक हा संदर्भ अनेकदा गाळतात. तो गाळला की मग उरते ते ‘गोव्याच्या मातीने त्याला भाषा दिली’ असले गोड वाक्य.

येऊन चार वर्षे झाल्यावर स्टीफन्सने भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असे निरीक्षण नोंदवले. विभक्ती, प्रत्यय, वाक्याची घडण यांचा विचार करणारा वैयाकरण या पत्रात दिसतो. ऐकून-ऐकून शिकलेला माणूस असे पत्र लिहीत नाही.

गोव्याची कथा इथे संपत नाही. स्टीफन्सनंतर फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुवा याने संत पीटरवर मराठी पुराण रचले, इतरांची कोकणी गद्य पुस्तके निघाली. आणि मग सतराव्या शतकाच्या अखेरीस हा झरा आटला. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की स्थानिकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि कोकणी सोडावी. लोकांची भाषा येत नसलेल्या, ती शिकायची तयारी नसलेल्या पाद्र्यांचा या फर्मानामागे मोठा हात होता. आता विचार करा. तोच प्रदेश, तीच चर्च, तशाच वयाचे युरोपातून आलेले पाद्री, तेवढाच दीर्घ मुक्काम. बदलले एवढेच की भाषा शिकण्याची सक्ती पाद्र्यावरून उचलून लोकांवर टाकली गेली. त्याबरोबर पाद्र्यांचे भाषाज्ञान ओसरले. १८५८ मध्ये पोर्तुगीज अभ्यासक कुन्य रिवारा यांनी कोकणीच्या इतिहासावर निबंध लिहिला तेव्हा या अनास्थेचा पाढा त्यांना सविस्तर वाचावा लागला. वास्तव्य कायम असताना भाषा गेली, याहून स्वच्छ खंडन कोणते हवे?

मग मिशनऱ्यांना भाषा आली कशाने? माझे उत्तर तीन शब्दांत आहे: सक्ती, शास्त्री आणि प्रतिपक्षी. पहिल्या दोन्हींबद्दल वर आलेच आहे. तिसऱ्याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो.

जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला उतरला, वय चोवीस. मराठी शिकण्यासाठी तो आधी कोकणात, बाणकोट-हर्णैकडे गेला. इथवर पूर्वपक्षाला आवडेल अशीच गोष्ट आहे. पण विल्सनच्या मराठीची खरी कसोटी लागली ती १८३१ मध्ये, मोरभट दांडेकरांशी झालेल्या जाहीर वादात. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहून मिशनऱ्यांचे मुद्दे खोडले. विल्सनला उत्तर देणे भाग पडले. १८३२च्या त्या इंग्रजी उत्तराला मोरभटांच्या पुस्तकाचा अनुवाद आधी जोडलेला आहे. प्रतिपक्ष्याचे पुस्तक अनुवादायचे म्हणजे प्रत्येक वाक्य, प्रत्येक टोमणा, प्रत्येक शास्त्राधार नीट कळायला हवा. भाडेकरूला घरमालकाशी बोलताना इतकी खोल भाषा लागत नाही. पुढे साताऱ्याचे नारायणराव वादात उतरले, तेव्हा विल्सनला १८३४ मध्ये दुसरे उत्तर लिहावे लागले. माझ्या मते विल्सनचे मराठीचे सर्वांत कडक मास्तर हे दोघे होते, आणि त्यांनी फीसुद्धा घेतली नाही. १८५७च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी भर गर्दीत वाद घालत होते. तिथे चुकीचे क्रियापद वापरले तर शेकडो माणसे हसणार. असा श्रोता कुठल्याही शाळेत मिळत नाही.

आता त्या मॉर्मन मुलांकडे या. त्यांना परदेशी नुसते सोडून देत नाहीत. भाषा शिकायची असेल तर आधी काही आठवडे प्रशिक्षण, ज्याचे मुख्य केंद्र युटा राज्यातल्या प्रोवो गावी आहे. कुठल्या देशात जायचे हे मुलगा ठरवत नाही, चर्च ठरवते. तिथे गेल्यावर जोडीदाराला सोडून हिंडायचे नाही. दिवसभर अनोळखी माणसांशी बोलायचे, आणि त्यातले बहुतेक दार लावून घेणारे. जे दार लावत नाहीत ते प्रश्न विचारतात, उलटतपासणी घेतात. मुलांचे किमान वय २०१२ मध्ये एकोणीसवरून अठरावर आणि मुलींचे एकवीसवरून एकोणीसवर आले, पण यंत्रणा हीच. म्हणजे यांच्याकडेही पुन्हा सक्ती, शिक्षक आणि प्रतिपक्षी. परदेश ही केवळ जागा. शिवाय त्यांना येणाऱ्या भाषेचा पैस कामापुरता असतो. पश्चात्ताप, बाप्तिस्मा, कुटुंब यांवर जो मुलगा तासभर बोलेल तो त्याच भाषेत घरभाड्याचा करारनामा वाचताना चाचपडेल. ज्यावर रोज बोलायचे तेवढेच पक्के होते.

श्रद्धेच्या ओढीबद्दल एकच विचारतो. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मिशनऱ्यांची श्रद्धा कमी होती असे कोण म्हणेल? १८१३ मध्ये मुंबईला आलेला गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीने गेला. श्रद्धेची याहून मोठी किंमत नसते. पण मराठी माणसाच्या ओठावर बसेल असे ख्रिस्ती भजन या मंडळींच्या हातून उतरले नाही. ते काम नारायण वामन टिळकांनी केले. ते ख्रिस्ती झाले १८९५ मध्ये, पण अभंग आणि ओवी त्यांना बाप्तिस्म्यातून मिळाली नव्हती.

पूर्वपक्षाला न्याय द्यायचा तर एक गोष्ट मान्य करतो. केरीच्या श्रीरामपुरी नव्या कराराने मुंबईतल्या मिशनऱ्यांचे काम भागले नाही. त्यांनी नवे भाषांतर हाती घेतले आणि १८२६ मध्ये छापून काढले. लोकांत राहिल्याने चूक लवकर कळते, कान तयार होतो, पुस्तकी शब्द गळून पडतात. वास्तव्याने आलेली भाषा सुधारते, हे खरे. पण सुधारायला आधी काही हाती असावे लागते.

पूर्वपक्षाचा खरा अपराध याहून वेगळा आहे. ‘राहून भाषा आली’ असे म्हटले की शिकवणारा नाहीसा होतो. १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या मुखपृष्ठावर कॅप्टन मोल्सवर्थ आणि कँडी बंधू या तीन लष्करी साहेबांची नावे आहेत. शब्द गोळा करणारे, अर्थ फोडून सांगणारे पंडित मुखपृष्ठावर नाहीत. आपणही तो कोश ‘मोल्सवर्थ’ याच नावाने ओळखतो. साहेबाला मराठी येत होती हे कौतुकाने सांगणाऱ्या व्याख्यात्याने ती कुणाकडून आली, हे सांगण्याचे कष्ट पुढच्या वेळी घ्यावेत. वैजनाथशास्त्र्यांचे नाव उच्चारायला दोन सेकंद पुरतात.

आणि मुलाला फ्रेंच यावी म्हणून त्याला सुट्टीत फ्रान्सला धाडण्याचा विचार करत असाल तर विमानाचे पैसे तूर्त बाजूला ठेवा. गावात चांगला शिक्षक बघा आणि दोन वर्षे त्याची शिकवणी लावा. मग जरूर धाडा, पण अशा घरी, जिथे कुणाला इंग्रजी येत नाही आणि जेवताना राजकारणावर कडाक्याचे भांडण होते.