फोमचे चिलखत : एका घरगुती कारागिरीची जडणघडण

विज्ञानकथांमधील योद्ध्यांची चिलखते अंगावर चढवता येतील अशा रूपात घरच्या घरी घडवण्याची कला आज अमेरिका, जपान आणि युरोपात चांगलीच रुजलेली असून भारतातील मोठ्या शहरांतही तिचे जाणकार आढळतात. ही कला पाहणारा तिला बहुधा शस्त्रकारांच्या जुन्या विद्येची धाकटी शाखा समजतो, नाहीतर थ्रीडी प्रिंटर या नव्या यंत्राचे अपत्य मानतो; परंतु तिची साधने, तिच्यातील हातांच्या सवयी आणि तिच्यात वापरले जाणारे पदार्थ कोठून आले याचा माग काढला, तर तो शिंप्याच्या कापणीच्या पाटापाशी आणि जोडे बनवणाऱ्याच्या ठिय्यापाशी जाऊन पोचतो. प्रिंटर या घरात फार उशिरा आला, आणि तो आला तेव्हा घराची मांडणी बरीचशी ठरून गेलेली होती.

या परंपरेचा आरंभ 1939 च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनापासून धरला जातो. लॉस एंजेलिसहून आलेला फॉरेस्ट जे. अ‍ॅकरमन हा तरुण वाचक आणि त्याची सहकारी मर्टल डग्लस, जी एस्पेरांतो भाषेच्या धाटणीचे ‘मोरोजो’ हे नाव लावत असे, हे दोघे भविष्यकाळातील माणसांचे पोशाख घालून तेथे वावरले. त्या पोशाखांवर फ्रँक आर. पॉल या चित्रकाराने स्वस्त कथामासिकांसाठी काढलेल्या चित्रांची आणि ‘थिंग्ज टू कम’ या 1936 च्या चित्रपटाची छाप होती. दोन्ही पोशाख मोरोजोने शिवले होते, तरीही पुढे अनेक वर्षे सांगितल्या गेलेल्या हकिगतींत अ‍ॅकरमनचे नाव ठळक आणि तिचे पुसट राहिले. हा केवळ श्रेयाचा प्रश्न नाही, कारण तिचे नाव मागे पडले की या कलेचा उगम शिवणकामात आहे हेही नजरेआड होते. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेशभूषेचा रीतसर कार्यक्रम झाला आणि ती प्रथा अमेरिकी संमेलनांत कायम झाली. पात्राचा पोशाख स्वतः घडवून तो मिरवण्याच्या या छंदाला ‘कॉस्प्ले’ हे आज जगभर चालणारे नाव मात्र जपानी नियतकालिकांतून, 1983–84 च्या सुमारास, मिळाले.

कापडाचा अंगरखा शिवता येतो, परंतु चिलखताला कडकपणा लागतो, आणि तो कडकपणा मिळवण्याचा मार्ग दीर्घकाळ चित्रपटनिर्मितीच्या कार्यशाळांपुरताच खुला होता. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या 1956 च्या चित्रपटातील ‘रॉबी’ हा यंत्रमानव म्हणजे मुळात आत माणूस उभा राहू शकेल असे कवचच होते; रॉबर्ट किनोशिता यांच्या आराखड्यावरून ते तयार करताना तापवून आकार दिलेले प्लास्टिकचे पत्रे वापरण्यात आले आणि त्यावर लाखाहून अधिक डॉलर खर्च झाले. या रीतीचा पुढे सर्वाधिक गाजलेला प्रकार म्हणजे निर्वात-साचा. त्यात प्लास्टिकचा पत्रा मऊ होईपर्यंत तापवून लाकडाच्या किंवा प्लास्टरच्या ठोकळ्यावर पसरला जातो आणि खालून हवा खेचून घेतली, की पत्रा ठोकळ्याला सर्व बाजूंनी बिलगतो व थंड होताच तो आकार धरून ठेवतो. ‘स्टार वॉर्स’ (1977) मधील पांढऱ्या शिपायांची, म्हणजे स्टॉर्मट्रूपरांची, शिरस्त्राणे लंडनजवळच्या ट्विकनॅम येथे अँड्र्यू एन्सवर्थ यांनी याच पद्धतीने काढली. राल्फ मॅक्वारी यांची चित्रे आणि जॉन मोलो यांची वेशरचना यांतून जन्मलेला तो पोशाख पुढच्या दोन पिढ्यांतील हौशी कारागिरांसाठी कसोटीच ठरला.

हौशी माणसाला साच्याचे तंत्र अगदीच अशक्य नव्हते, पण ठोकळा कोरायचा, भट्टी उभारायची आणि निर्वाताची सोय करायची, एवढा खटाटोप एकाच पोशाखासाठी परवडणारा नव्हता. एकदा साचा बनला, की त्यातून दहा प्रती काढणे सोपे, पहिली काढणे मात्र महाग, असे हे अर्थशास्त्र असल्यामुळे मोजके साचेधारक आणि त्यांच्याकडून सुटे भाग विकत घेऊन ते अंगाला बसवणारे बहुसंख्य जोडकाम करणारे, असे दोन वर्ग पडले. 1997 मध्ये अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात अल्बिन जॉन्सन यांनी स्थापलेल्या ‘501 वी लीजन’ या संघटनेने या दुसऱ्या वर्गाला शिस्त लावली. चिलखताच्या प्रत्येक तुकड्याचे प्रमाण ठरवून दिले आणि सभासदांचे संचलन धर्मादाय कार्यांशी जोडले. 1 जानेवारी 2007 रोजी पॅसाडीनाच्या रोझ परेडमध्ये तिचे सुमारे दोनशे सभासद ‘स्टार वॉर्स’चे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या उपस्थितीत पूर्ण पोशाखात चालले. दरम्यान एन्सवर्थ यांनी मूळ साच्यांवरून नव्या प्रती विकायला काढल्याने लुकास यांच्या कंपनीशी त्यांचा खटला उभा राहिला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निर्णय दिला, की शिरस्त्राण ही चित्रपटनिर्मितीच्या कामी आलेली उपयुक्त वस्तू असून कायद्याच्या अर्थाने ते शिल्प नव्हे, त्यामुळे शिल्पाला मिळणारे दीर्घ मुदतीचे कलाधिकार त्याला लागू होत नाहीत. घडवणाऱ्याची कला आणि वस्तूचा उपयोग यांच्यात इतकी कोरडी रेघ ओढणे कायद्याला सोयीचे असेल. पण हाताने चिलखत घडवणाऱ्या कोणालाही ती पटणे कठीण आहे.

साच्याची मक्तेदारी मोडली ती कागदाने, आणि या इतिहासातील खरे वळण तेच आहे. 2001 च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘हेलो’ या संगणकीय खेळाच्या नायकाचे हिरवे चिलखत चित्रपटातल्यासारखे कोणत्याही कार्यशाळेत अस्तित्वात नव्हते. ते केवळ संगणकात, असंख्य सपाट त्रिकोण-चौकोन एकमेकांना जोडून बनलेल्या त्रिमितीय आकृतीच्या रूपात होते. जपानमधील तामा सॉफ्टवेअर या कंपनीची ‘पेपाकुरा डिझाइनर’ ही संगणक प्रणाली अशी आकृती उलगडून तिचे सपाट तुकडे कागदावर छापून देत असे. मूळ उद्देश कागदी खेळणी आणि प्रतिकृती बनवण्याचा असला, तरी हौशी लोकांनी तिच्यातून शिरस्त्राणे उलगडली. जाड कागदावर छापलेले तुकडे क्रमांक लावलेल्या पट्ट्यांनी जोडायचे, त्या कागदी कवचावर पॉलिस्टर राळेचा हात द्यायचा, आतून काचतंतूंचे कापड चिकटवायचे, बाहेरून मोटारींच्या पत्र्याचे पोचे भरण्याची लांबी लावून तासन् तास घासायचे, अशी ही रीत होती. राळेचा उग्र वास, ती सुकताना वाकडा होणारा कागद आणि तयार वस्तूचे वजन हे तिचे मोठे दोष होते. तरीही घन वस्तूला सपाट तुकड्यांत उलगडून पाहण्याची जी दृष्टी शिंप्याला उपजत असते, ती चिलखत बनवणाऱ्यांना प्रथमच मिळाली. साच्याच्या युगात पहिली प्रत महाग होती. या रीतीत पहिली आणि शेवटची प्रत सारख्याच कष्टाची झाली, आणि हौशी माणसाला तर एकच प्रत हवी असते.

यानंतर आला ईव्हीए फोम, म्हणजे इथिलिन आणि व्हिनाइल अ‍ॅसिटेट यांच्या संयोगातून बनणारा, बंद हवापेशींचा लवचीक पदार्थ. 1970 च्या दशकाच्या मध्यात तो अमेरिकेतील धावण्याच्या बुटांच्या तळव्यांत शिरला; आपल्याकडच्या हलक्या चपलांचे तळ आणि लहान मुलांच्या खोलीत किंवा व्यायामशाळेत अंथरायच्या एकमेकांत अडकणाऱ्या चटया त्याच्याच. 2000 नंतरच्या दशकाच्या अखेरीस याच चटया चिलखताच्या कामी येऊ लागल्या, तेव्हा पेपाकुराचे आराखडे कागदाऐवजी फोमवर उतरवले गेले आणि एक महत्त्वाची गोष्ट ध्यानी आली. कागद फक्त दुमडतो, त्यामुळे गोलाईसाठी त्याला असंख्य बारीक पैलू लागतात. फोम तापवला की वळतो, त्यामुळे तेच शिरस्त्राण थोड्या आणि मोठ्या तुकड्यांत बसते. आराखडे सुटसुटीत होत गेले, आणि पुढे तर संगणकाशिवायही काम भागू लागले. देहाभोवती पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यावर चिकटपट्टी लावायची, त्यावर चिलखताच्या रेघा आखून त्या रेघांवरून कवच कापून काढायचे आणि जमिनीवर सपाट पसरून घ्यायचे, की माणसाच्या मापाचा नमुना हाती येतो.

फोमवरचे काम जवळून पाहिले, की त्यातील जोडे बनवणाऱ्याचा वारसा स्पष्ट दिसतो. नमुन्याच्या कडांवर ठरावीक अंतराने जुळणीच्या खुणा करून तो फोमवर उतरवला जातो. सुरी सतत धार लावून वापरावी लागते, कारण बोथट पात्याने फोम कापला न जाता फाटतो. आणि दोन पृष्ठे कोनात भेटायची असतील तर पाते तिरपे धरून कड उतरती कापावी लागते. जोडासाठी वापरले जाणारे चिकटद्रव्य जोड्याचा तळ वरच्या भागाला चिकटवण्यासाठी वापरतात त्याच जातीचे असते. ते दोन्ही कडांना लावून बोटाला ओले लागेनासे होईपर्यंत थांबायचे, मग खुणा जुळवून कडा एकदाच आणि अचूक टेकवायच्या, कारण टेकल्यावर त्या हलवता येत नाहीत. उष्ण हवेच्या बंदुकीचा, म्हणजे हीट गनचा, झोत फिरवला की फोमच्या पृष्ठावरील उघड्या पेशी मिटतात, पृष्ठावर हलकी चमक येते आणि रंग आत झिरपायचा थांबतो. त्याच गरमपणात तुकडा मांडीवर किंवा डब्यावर दाबून धरला, तर थंड झाल्यावर बाक टिकून राहतो. सुरीने उथळ चिरलेली रेघ तापवली की तिची तोंडे मागे सरून पत्र्यांच्या सांध्यासारखी खाच उमटते. शेवटी लवचीक अस्तर-रंग, त्यावर धातूची छटा, आणि खाचांत मुरवून पुसून काढलेला पातळ काळा रंग असे थर चढल्यावर चटईचे मूळ रूप ओळखू येत नाही.

थ्रीडी प्रिंटिंगचा इतिहास याला समांतर, पण वेगळ्या वाटेने गेला. वितळलेल्या प्लास्टिकचा धागा थरावर थर रचून वस्तू उभी करण्याच्या पद्धतीसाठी अमेरिकेच्या स्कॉट क्रम्प यांनी 1989 मध्ये एकस्वाधिकाराचा अर्ज केला आणि तो 1992 मध्ये मंजूर झाला. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातील एड्रियन बॉयर यांनी 2005 मध्ये सुरू केलेल्या ‘रेपरॅप’ प्रकल्पाने घरी जुळवता येणाऱ्या यंत्राचे आराखडे सर्वांना खुले केले, आणि 2009 मध्ये क्रम्प यांच्या अधिकाराची मुदत संपली त्याच वर्षी ब्रुकलिनच्या मेकरबॉट कंपनीने हजार डॉलरांच्या आतला जुळणी-संच बाजारात आणला. त्या संचातून जेमतेम 10 सेंटिमीटर रुंदीची वस्तू निघत असे, म्हणजे शिरस्त्राण छापायचे तर त्याचे कित्येक तुकडे पाडावे लागत. चित्रपटसृष्टीकडे मात्र तोवर औद्योगिक यंत्रे होती आणि ‘आयर्न मॅन 2’ (2010) साठी लेगसी इफेक्ट्स या कार्यशाळेने चिलखताचे छापील भाग तयार केले. घरगुती यंत्र एका तुकड्यात डोक्याएवढी वस्तू सहज छापू लागले आणि किंमतही आवाक्यात आली, ती 2010 च्या दशकाच्या उत्तरार्धात.

छापील भाग कडक, रेखीव आणि हवा तितक्या वेळा जसाच्या तसा काढता येण्याजोगा असतो. पण त्यावर थरांच्या रेघा राहतात, त्या घासून व लांबी भरून घालवाव्या लागतात, आणि वाकायच्या जागी तो तडकतो. फोम हलका असतो, देहाबरोबर वाकतो आणि दिवसभर अंगावर वागवता येतो, मात्र बारीक कोरीवपणा त्याला झेपत नाही. म्हणून जाणत्या कारागिरांत आज जी वाटणी रूढ आहे, ती या दोन स्वभावांतूनच आली: छाती, पोट, मांड्या आणि दंड फोमचे, शिरस्त्राण, बोटांवरची कवचे, कळा, दिवे आणि शस्त्राचे बारकावे छापील. दिल्लीत 2011 पासून आणि पुढे मुंबई-पुण्यात भरू लागलेल्या कॉमिक कॉनमध्ये दिसणाऱ्या चिलखतांतही हीच वाटणी आढळते.

नमुन्याच्या व्यापाराने तर हा इतिहास पुन्हा शिवणकामाच्या दारी आणून सोडला आहे. एबेनेझर बटरिक यांनी 1863 मध्ये वेगवेगळ्या मापांत कापलेले कागदी नमुने विकायला सुरुवात केली आणि घरच्या शिवणकामाला बाजारपेठ मिळवून दिली. फोमच्या चिलखताचे नमुने विकणारे आजचे कारागीर तोच व्यवसाय करतात, आणि 2010 च्या दशकाच्या मध्यात मॅकॉल या शिवणनमुन्यांच्या जुन्या अमेरिकी कंपनीनेही कॉस्प्लेसाठी स्वतंत्र मालिका काढली. छापील भागांच्या संगणकीय आराखड्यांना मात्र मापांची ही परंपरा नसते. असा आराखडा एकाच प्रमाणात मोठा केला, तर मनगटाचा घेर, पत्र्याची जाडी आणि दंडाची लांबी सारख्याच गुणोत्तराने वाढतात. माणसाचा देह तसा वाढत नाही. उंच आणि सडपातळ माणसासाठी लांबीने जमलेले दंडकवच त्यामुळे घेराला सैल पडते, आणि मुद्रणात अनेक तास घालवल्यावर ते लक्षात आले तर वेळ आणि प्लास्टिक दोन्ही वाया जाते. म्हणून अनुभवी कारागीर टेपने दंड, कोपर आणि मनगट यांचे घेर वेगवेगळे मोजतो, त्यांत आतल्या अस्तरापुरती ढील धरतो, प्रत्येक दिशेचे प्रमाण स्वतंत्रपणे बदलतो आणि आधी केवळ काही मिलिमीटर उंचीचे कडे छापून ते हातात चढवून पाहतो.