आधी ऐकणारा, मग निदान

व्हिएतनाममधून परतलेल्या अनेक अमेरिकी सैनिकांची झोप उडाली होती. पण उपचार मागावेत कोणाकडे? मानसिक विकारांच्या अमेरिकी सूचीत १९५२ साली असलेली तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेची नोंद १९६८च्या आवृत्तीत वगळली गेली होती.

अखेर १९७० साली न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिकांनी आपल्या संघटनेच्या कार्यालयातच गटचर्चा सुरू केल्या. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शाटान हे मनोविकारतज्ज्ञ तेथे येऊन बसत, ते बरोबरीच्या नात्याने.

त्या बैठकांतून पुढे लढा उभा राहिला. १९७९ साली माजी सैनिकांसाठी समुपदेशन केंद्रांना मंजुरी मिळाली. १९८० साली ‘पीटीएसडी’ हे निदान सूचीत आले.

आज अत्याचारग्रस्त वा अपघातग्रस्त व्यक्ती ज्या निदानाच्या आधारे तज्ज्ञ शोधते, ते मिळवण्यात रुग्णांचाच मोठा वाटा होता.