मोठ्या फुलांचं ऑर्किड वन बीएचकेमध्ये वाढतं का? हो, पण कोणतं घ्यायचं ते आधी समजून घ्या

वाढदिवसाला कुणीतरी ऑर्किडची कुंडी भेट देतं. दोन-अडीच महिने फुलं टिकतात, फोटो स्टेटसला लागतात. मग एकेक फूल गळतं आणि उरतात चार-पाच जाड पानं आणि एक काठी. 'मेलं वाटतं' म्हणून कुंडी थेट कचऱ्यात जाते. बऱ्याचदा ते झाड अगदी जिवंत असतं आणि पुढच्या वर्षी परत फुलू शकतं.

ते झाड असतं कोणतं?

बहुतेक वेळा फॅलेनोप्सिस, म्हणजे मॉथ ऑर्किडचं हायब्रिड. मोठ्या पांढऱ्या फुलांच्या वंशावळीत 'डोरिस' हे नाव वारंवार येतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या ड्यूक फार्म्सने तयार केलेल्या या हायब्रिडची नोंद १९४० मध्ये झाली. गंमत म्हणजे फूल तळहाताएवढं असलं, तरी या झाडाला १२ सेंटीमीटरची कुंडी पुरते. पानं आडवी पसरतात तेवढीच काय ती जागा लागते. फुलांचा दांडा वर जातो, त्याला काठीचा आधार दिला की झालं.

मग कोणतंही मोठं ऑर्किड चालेल?

नाही. इथेच पैसे वाया जातात. फॅलेनोप्सिस आणि वांडा एकाच जागी वरच्या दिशेने वाढतात. कॅटलिया आणि सिंबिडियम मात्र कुंडीत बाजूबाजूला सरकत नवे कोंब काढतात, त्यामुळे दर दोनेक वर्षांनी मोठी कुंडी द्या, नाहीतर झाडाचे भाग करा. कॅटलियाच हवं असेल तर बुटकी, 'मिनी कॅटलिया' हायब्रिड्स मिळतात. फूल थोडं लहान, पण खिडकीत मावतं.

वांडाला कुंडीही लागत नाही. लाकडी बास्केटमध्ये मुळं मोकळी सोडून ते टांगतात. ग्रिलला भरपूर ऊन येत असेल आणि रोज पाणी द्यायची तयारी असेल, तरच घ्या. बेडरूमच्या कोपऱ्यात ते फुलणार नाही.

सिंबिडियमचा फोटो बघून मोह होतोच. पण त्याची पानं दोन-तीन फूट लांब होतात आणि मोठ्या हायब्रिड्सना फुलण्याआधी काही आठवडे गार रात्री लागतात, साधारण १० ते १४ अंशांच्या. सिक्कीम, कालिम्पाँगला ते जमतं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये नुसती पानंच बघत बसाल.

फॅलेनोप्सिस परत कसं फुलवायचं?

यालाही थोडी थंडी लागते, पण आपल्याला परवडेल इतकीच. काही आठवडे तापमान साधारण २५-२६ अंशांच्या खाली राहिलं की दांडा निघायला सुरुवात होते. मुंबई-ठाण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्यासाठी पुरेशा असतात. त्या दिवसांत कुंडी खिडकीजवळ ठेवा, टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये नको. पूर्वेची खिडकी उत्तम. दुपारचं कडक ऊन मात्र पानं भाजतं. घरात उजेडच नसेल तर एलईडी ग्रो लाइट रोज १२ तास लावून काम भागतं.

आणि पाणी?

सर्वाधिक झाडं पाण्याच्या कमतरतेने नाही, तर काळजीपोटी घातलेल्या जास्तीच्या पाण्याने मरतात. निसर्गात हे झाड दुसऱ्या झाडाच्या खोडावर वाढतं. (आपल्या सह्याद्रीत फुलणारी सीतेची वेणी हेही असंच ऑर्किड.) त्यामुळे कुंडीत माती नको. झाडाच्या सालीचे तुकडे, कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरा. पारदर्शक प्लास्टिकची कुंडी असेल तर अंदाज बांधावा लागत नाही: मुळं चंदेरी-पांढरी दिसली की पाणी द्या, हिरवी असतील तर थांबा. बाहेरच्या शोभेच्या कुंडीत पाणी साचू देऊ नका आणि पानांच्या मध्यभागी थेंब राहिले तर टिपून घ्या, नाहीतर झाड तिथूनच कुजतं.

फुलं गळल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या गाठीच्या वर कापा, कधीकधी तिथून नवी फांदी फुटते. वाळला असेल तर मुळापाशी छाटा. पुढे हिवाळ्यात पानांच्या बेचक्यातून काहीतरी हिरवं डोकावलं, तर टोक बघा. टोक गोल गुळगुळीत असेल तर ते मूळ. चपटं, हातमोज्यासारखं असेल तर दांडा आलाय, आता कुंडी फिरवू नका.