बोर्डाचं नाव कुठे लिहायचं?

एटीएम कार्डाएवढ्या बीगलबोन ब्लॅक या संगणक-बोर्डावर ४ किलोबाइटची एक छोटी ईईप्रॉम चिप असते, वीज गेली तरी लिहिलेलं जपणारी. तिच्यातले पहिले चार बाइट म्हणजे एए, ५५, ३३, ईई ही खूण, आणि पुढच्या आठ अक्षरांत बोर्डाचं नाव: ए३३५बीएनएलटी. आधीच्या बीगलबोनमध्ये त्याच जागी ए३३५बीओएनई लिहिलेलं असतं. दोघांचे प्रोसेसर एकाच घराण्यातले, पण जुन्यावर डीडीआर२ रॅम आणि नव्यावर डीडीआर३. वीज येताच यू-बूट या बूटलोडरचा पहिला तुकडा प्रोसेसरच्या आतल्या चिमुकल्या मेमरीत सुरू होतो, दोन तारांच्या बसवरून हे नाव वाचतो आणि मगच बाहेरची रॅम कशी जागी करायची ते ठरवतो. रॅमसुद्धा ज्या नावावर विसंबून आहे, ते नाव रॅमच्या बाहेर असावंच लागतं.

ईईप्रॉम स्वस्त झाली म्हणून बोर्डावरच ओळख लिहिण्याची ही रीत आली, असं म्हटलं जातं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. मला वाटतं, खरं कारण ताटातुटीचं आहे: बोर्ड बनवणारा आणि तो वापरणारा एकमेकांपासून दूर गेले, म्हणून बोर्डाला स्वतःची ओळख सोबत न्यावी लागली. आयबीएमच्या १९८७ च्या मायक्रो चॅनेल या बसमध्ये प्रत्येक कार्डाला १६ बिटांचा क्रमांक होता, पण त्या क्रमांकाचा अर्थ फ्लॉपीवरच्या फाइलीत. फ्लॉपी हरवली की क्रमांक मुका. ७२ पिनांच्या रॅम पट्टीवर चार पिना जमिनीला जोडून किंवा मोकळ्या सोडून आकार आणि वेग सांगितला जाई. चार पिनांत सोळाच गोष्टी बोलता येतात. १६८ पिनांच्या पट्टीवर मात्र ईईप्रॉम आली आणि पट्टी आपल्या ओळी, रकाने, वेळा स्वतः सांगू लागली. १९९४ साली व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मॉनिटरसाठीही १२८ बाइटांचा असाच तक्ता ठरवला, कारण मॉनिटर एकाचा आणि ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याचं असणं हीच रीत झाली होती.

ओळख प्रोसेसरमध्येच का कोरू नये, असा आक्षेप येतो. प्रोसेसर स्वतःला ओळखतो, पण आपल्या शेजारी कोणती रॅम झाळली आहे हे त्याला कुठून कळणार? एसडी कार्डावर लिहावं, तर ते काढून दुसऱ्या बोर्डात घालता येतं. खोटं नाव लिहिता येईल, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ही चिप ओळखीसाठी आहे, पहाऱ्यासाठी नाही. तरीही ब्लॅकवर तिचं लेखन एरवी बंद असतं आणि ते उघडायला एक टेस्ट पॉइंट जमिनीला जोडावा लागतो.

सर्वांत अवघड प्रश्न, चिपमध्ये किती लिहायचं? रास्पबेरी पायच्या हॅट या जोडबोर्डांच्या २०१४ च्या नियमांनी २७ आणि २८ क्रमांकाच्या पिना केवळ ओळखीसाठी राखल्या आणि जोडबोर्डाचं डिव्हाइस ट्री, म्हणजे हार्डवेअरचं वर्णनच, चिपमध्ये ठेवायला सांगितलं. पुढे हॅट-प्लसमध्ये वर्णनाऐवजी त्याचं नाव देणंही पुरेसं ठरलं. ही माघार वाटेल, पण विकलेल्या चिपमधलं चुकीचं वर्णन कोण दुरुस्त करणार? ऑपरेटिंग सिस्टीमसोबत येणारी फाइल सुधारता येते. मायक्रो चॅनेलच्या फ्लॉपीचं दुखणं, अर्थ बाहेर ठेवणं हे नव्हतं. तो अर्थ एका हरवणाऱ्या तबकडीवर होता, हे होतं.