नंजनगूडच्या वाटेवरील चार गिअर

म्हैसूरहून दक्षिणेस निघाले म्हणजे सुमारे पंधरा मैलांवर कपिला नदी आडवी येते आणि तिच्या पलीकडच्या काठावर श्रीकंठेश्वराचे उंच गोपुर दिसू लागते. हेच नंजनगूड. पुढे हाच रस्ता गुंडलुपेटवरून बंदीपूरच्या जंगलात शिरतो आणि निलगिरी चढून उटीस पोहोचतो. बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले अशा आमच्यासारख्यांना गावे आठवतात ती बहुधा तेथल्या देवळांमुळे, माणसांमुळे, क्वचित तेथल्या वरिष्ठांमुळे. नंजनगूड मात्र आमच्या डाव्या हाताच्या तळव्यात राहिले आहे. १९६८ ते १९७२ अशी चार वर्षे आमचा मुक्काम म्हैसुरास होता, आणि मोटार हाकावयास आम्ही शिकलो ते या रस्त्यावर. त्या मोटारीचा गिअर पायांशी नव्हता. तो स्टिअरिंगच्या खांबावर होता.

आज हे वाक्य घरच्या नातवंडांना उलगडून सांगावे लागते. चाकाच्या खालून डाव्या अंगाला वीतभर दांडा बाहेर आलेला असे. तो आपल्याकडे ओढून वर नेला की पहिला गिअर, तसाच खाली आणला की दुसरा. मग पुढे सारून वर तिसरा आणि खाली चौथा. दांड्याची ही हालचाल खांबाच्या लगत खाली उतरे, तेथे तिची गाठ दोन लहान तरफांशी पडे, तरफांना जोडलेल्या सळया ती हालचाल गिअरपेटीपर्यंत पोहोचवीत. म्हणजे हाताने दिलेला हुकूम कचेरीतल्या फाइलीप्रमाणे चार मेजांवरून फिरून मग अंमलात येई. सांधे नवे असत तोवर फाइल झटपट सरके. झिजले म्हणजे कोठे अडकली याचा पत्ता लागत नसे. पहिल्या गिअरला तर दातेरी चाकांचे वेग आपोआप जुळवून घेण्याची सोयही नसे. चालत्या गाडीत तो घालावयाचा म्हणजे क्लच दोनदा दाबून मधल्या क्षणी इंजिनाला थोडा वेग द्यावा लागे, नाहीतर सारा रस्ता वळून पाहील असा करकराट होई.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर अगदी घरगुती आहे: पुढच्या बाकावर तिसरा माणूस बसावा म्हणून. १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकेतील कारखानदारांनी जमिनीवरचा दांडा उचलून खांबावर नेला आणि दोन-तीन वर्षांत ती तेथली सर्वसाधारण रीत झाली. युद्धानंतर इंग्लंड-इटलीतही तिचे अनुकरण झाले. आमच्याकडे या तिसऱ्या जागेने जे समाजकार्य केले ते त्या कारखानदारांच्या स्वप्नातही नसेल. दौऱ्यावर निघालेल्या मोटारीत साहेब मागे एकटे, आणि पुढच्या बाकावर ड्रायव्हर, शिपाई व मांडीवर दप्तराची पेटी घेतलेला कारकून. कुटुंबकबिल्याच्या प्रवासात ती जागा मुलाची. आमच्या चिरंजिवांनी चारही गिअर मधल्या जागेवर बसून पाठ केले होते, आणि आम्ही चुकलो की आमच्या आधी त्यांना कळे.

नंजनगुडात आमचे एक स्नेही डॉक्टर होते. शिक्षण मुंबईस झालेले, त्यामुळे मराठी मोडके परंतु गोड. टिपू सुलतानाच्या हत्तीचे डोळे श्रीकंठेश्वराच्या कृपेने बरे झाले, म्हणून त्याने देवास ‘हकीम नंजुंड’ म्हटले आणि पाचूचे लिंग अर्पण केले, अशी आख्यायिका त्या गावी सांगतात. डॉक्टर म्हणत, ‘‘साहेब, ज्या गावचा देवच हकीम, तेथे आमच्या दवाखान्याची पाटी कोण वाचणार?’’ पाटी पुष्कळ लोक वाचीत असत. रात्री-अपरात्री आसपासच्या खेड्यांतून बोलावणी येत, आणि डॉक्टर आपल्या युद्धोत्तर काळातल्या अवाढव्य शेव्हरोलेतून जात. तिचाही गिअर खांबावर, पण गिअर तीनच. गंमत अशी की चार गिअरांच्या मोटारीत जेथे पहिला, तेथे तीन गिअरांच्या मोटारीत मागे जाण्याचा. एकदा त्यांनी आम्हांस ती हाकावयास दिली, तेव्हा आम्ही सवयीने दांडा आपल्याकडे ओढून वर केला आणि ऐटीत मागच्या शेणाच्या ढिगात गेलो.

या दांड्याचा आपल्या देशातील इतिहास लिहावयाचा तर आरंभ म्हैसूर आणि महाराष्ट्र यांच्या एका जुन्या देवघेवीपासून करावा लागतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे म्हैसूरचे खरे, पण स्थापत्यशास्त्र ते पुण्यास शिकले आणि १८८४ पासून जवळजवळ पाव शतक त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली; खडकवासल्याच्या धरणावरचे स्वयंचलित दरवाजे ही त्याच काळातली त्यांची करामत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तेही परमुलखी बदलीवर असलेले अधिकारीच. पुढे १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९३५ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी युरोप-अमेरिकेतील मोटारींचे कारखाने पाहिले आणि मुंबईत तसा कारखाना काढण्याची योजना मांडली. त्यांना साथ मिळाली ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांची. मुंबईचे काँग्रेस मंत्रिमंडळ अनुकूल होते, परंतु १९३९ च्या अखेरीस ते पायउतार झाले. मग योजना म्हैसूर दरबारापुढे गेली. तेथेही मन होते; हिंदुस्थान सरकारचा पाठिंबा मात्र मिळाला नाही. वालचंदांचे बंगळूरशी नाते जुळले ते निराळ्याच यंत्रामुळे. १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या भागीदारीने त्यांनी तेथे विमानांचा कारखाना काढला आणि दोन वर्षांच्या आत त्यांचा वाटा सरकारने विकत घेतला. मोटारीचा ध्यास त्यांनी सोडला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकी सांगाड्याच्या मोटारी जुळवून बाहेर पडू लागल्या.

१९५३ मध्ये सरकारने ठरविले की सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे स्थान नाही. भाग येथेच बनवावयाचे असतील त्यांनीच राहावे. जनरल मोटर्सने १९२८ पासून चालविलेले मुंबईतील जुळणीचे काम १९५४ मध्ये थांबविले. फोर्डनेही गाशा गुंडाळला. वालचंद त्याआधीच, १९५३ च्या एप्रिलात, निवर्तले होते. पुढच्या वर्षी त्यांच्या कारखान्याने इटलीची फियाट ११०० हाती घेतली. तिकडे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आधी लँडमास्टर आणि १९५७-५८ च्या सुमारास ॲम्बॅसडर काढली. दोहोंचा गिअर खांबावर, कारण ज्या घडीला आपण साचे घेतले त्या घडीला तशी रीत होती. परदेशात रीत बदलली, दांडा पुन्हा जमिनीवर उतरला. आपल्याकडे साचे होते तेच राहिले.

याचे कारण दांड्याच्या गुणदोषांत शोधणे व्यर्थ आहे. परवान्यांनी उत्पादन बांधलेले, आयात बंद, कारखाने मोजून तीन. मोटार ही वस्तू बाजारातून उठून नोंदवहीत गेली. १९५९ मध्ये तिच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. १९६९ मध्ये किमतीही सरकारने ठरवून दिल्या आणि कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे थांबावयास तयार असता दांडा कोठे असावा याची चिंता कोण करतो? त्या मोटारींविषयी आमच्या पिढीने अलीकडे फार गोड लिहिले आहे. त्यांची टणक अंगे, गादीसारखी बाके, कोणत्याही खेड्यात होणारी दुरुस्ती, हे सारे आम्हांसही मान्य आहे. परंतु या गोडव्यात रांगेचा हिशेब कोणी धरत नाही. आणि आपण सरकारी माणसे त्या रांगेत कोठे उभे होतो, याचा तर मुळीच नाही.

आमचे पहिले वाहन मात्र रांगेतून आलेले नव्हते. बदलून जाणाऱ्या एका गृहस्थांकडून जुनी मोटार विकत घेतली होती. तिचे कुळगोत्र येथे सांगत नाही, कारण पुढे घडले त्यात दोष तिचा नव्हता. मोठ्या जत्रेचे दिवस होते. पाच रथ निघतात, दूरदूरची माणसे लोटतात. कपिलेच्या अलीकडे, जुना पूल दिसू लागतो तेथे, आम्ही गाड्यांच्या रांगेत शिरलो. हा पूल दळवाई देवराजाने १७३५ मध्ये बांधविला. बैलगाड्यांसाठी बांधलेल्या त्या दगडी कमानींनी पुढे आगगाडीसुद्धा निमूटपणे वाहिली. आम्हांस तेवढा धीर नव्हता. पुढची बैलगाडी थबकली तसा आम्ही दुसऱ्यातून पहिल्यात दांडा घाईने मारला. तो अर्ध्यावर गेला आणि तेथेच रुतला. ना वर, ना खाली. मागे रसबाळे केळ्यांनी लादलेल्या गाड्या, त्यांच्या मागे एक बस. बसचा भोंगा थांबेना आणि सौभाग्यवतींनी मुलाच्या कानांवर हात ठेवले, बहुधा आमचे शब्द त्याच्या कानी पडू नयेत म्हणून.

तेवढ्यात एका लॉरीतून तिचा ड्रायव्हर उतरून आला. ‘‘मेल्लगे सार, मेल्लगे,’’ एवढेच म्हणाला. कानडीत ‘सावकाश’. त्याने बॉनेट उघडले, खांबाच्या पायथ्याशी हात घातला आणि एकमेकींच्या पुढेमागे गेलेल्या दोन तरफा बोटांनी एका ओळीत आणल्या. दांडा मोकळा झाला. आम्ही खिशात हात घालू लागलो तेव्हा त्याने तोच हात धरून बॉनेटखाली नेला. आपण आत बसून दांडा पुन्हा मुद्दाम अडकविला आणि आमच्याकडून सोडवून घेतला. एकदा नव्हे, तीनदा. मागची बस तोवर थांबलेली. तेल लागलेल्या हातांनीच आम्ही श्रीकंठेश्वराला नमस्कार केला. पुढे कितीतरी गावी, कितीतरी रस्त्यांवर ती युक्ती आम्ही वापरली, आणि दोन-तीन वेळा दुसऱ्यांना शिकविलीही.

१९७१ मध्ये आम्हांस नवी फियाट मिळाली. सरकारी नोकरांसाठी राखून ठेवलेल्या वाट्यातून, अर्ज केल्यापासून काही महिन्यांत. त्या वेळी यात काही विशेष आहे असे आम्हांस वाटले नाही; नियमात बसत होते, आणि नियमात बसणारी गोष्ट न्याय्यच असते अशी आमची समजूत होती. रविवारी ती घेऊन नंजनगूडला गेलो. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी घातली, मग म्हणाले, ‘‘बसू का?’’ इंजिन बंदच होते. त्यांनी क्लच दाबला आणि दांडा सावकाश चारही घरांतून फिरविला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि पुन्हा मध्ये. ‘‘लोण्यासारखा आहे,’’ म्हणाले. नंतर चहा घेताना बोलता बोलता कळले की त्यांनी फियाटसाठी अनामत भरून नाव नोंदविले होते ते १९६४ मध्ये. शेव्हरोलेचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. त्या पावसाळ्यात दोन रात्री ते बैलगाडीने बाळंतिणीकडे गेले होते. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. आम्ही आमच्या अर्जाची तारीख सांगितली नाही. परतताना ती मोटार आम्ही हाकली ती एकही गिअर न चुकता, परंतु चिरंजीव मधल्या जागेवरून दोनदा विचारते झाले की बाबा आज गप्प का.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, जमिनीवरचा गिअर घेऊन, आणि रांगा हळूहळू विरल्या. १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाणारी फियाट २००० च्या सुमारास बंद पडली. उत्तरपाड्याचे ॲम्बॅसडरचे काम २०१४ च्या मे महिन्यात थांबले. आणि मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत पुष्कळ लेख आले. ते वाचून आम्ही जुन्या कागदांच्या पेटीतून डॉक्टरांचे एक पत्र शोधून काढले.

पत्र १९७४ चे आहे. आमची बदली होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती, आणि पेट्रोलच्या भावाने नुकताच कहर केला होता. इंग्रजीत लिहिलेले, शेवटी चार ओळी मराठीत. त्यांचा क्रमांक एकदाचा लागला होता. ‘‘गाडी आली,’’ ते लिहितात. ‘‘दहा वर्षांनी आली. हात जुन्याच गाडीचा. काल मागे घ्यायची म्हणून दांडा वर केला तर पुढे गेली. जास्वंदीचे झाड मोडले. मंडळी रागावली आहेत. तुम्ही या, तुमच्या मुलाला मधे बसवून शिकतो.’’

जाणे झाले नाही.