कोल्हापूरच्या तलावात ट्राउट का नाही? थंडीतल्या ‘फ्लाय फिशिंग’ची गोष्ट

नोव्हेंबर उजाडला की परदेशातल्या रील्स फिरायला लागतात. धुक्यातलं तळं, मांडीभर पाण्यात उभा असलेला माणूस, हवेत वळसे घेणारी दोरी आणि शेवटी चमचमता ट्राउट मासा. हे बघून रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेल्या कुणालाही प्रश्न पडेल, आपल्याकडं असं का होत नाही?

थोडक्यात उत्तर असं, की ट्राउटला कोल्हापूरचं पाणी गरम पडतं.

या माशाला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. विशीच्या वर त्याचे हाल सुरू होतात आणि पंचविशीच्या आसपास तो जगणं कठीण. कारण प्राणवायू. १० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २५ अंशांना तो ८ च्या घरात येतो. कोल्हापुरात पहाटे पारा १४-१५ वर उतरला तरी तळ्याचं पाणी तेवढं गार होत नाही. आणि पुढं एप्रिल-मे आहेच.

तसा ट्राउट भारतातला नाहीच. इंग्रजांनी हौसेपोटी आणला. १९०० मध्ये स्कॉटलंडहून ब्राऊन ट्राउटची अंडी काश्मीरला पोहोचली, त्याआधीची खेप वाया गेली होती. पुढं हिमाचल, निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरातही ट्राउट सोडला गेला. दक्षिणेत तो टिकला तो उंचीमुळं. उटी समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरवर आहे, कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय?

आपल्या नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. इथं गळावर पिसं आणि धागे गुंडाळून नकली किडा बनवतात. त्याला वजन जवळपास नसतंच, म्हणून दोरीच जड असते. फेकली जाते ती दोरी, किडा फक्त तिच्यामागून जातो. रीलमधले ते वळसे दिसायला देखणे असले तरी दिखाव्यासाठी नसतात.

उन्हाळ्यात खोल तळ्यात वर कोमट आणि खाली गार असे थर पडतात. शरद ऋतू संपताना वरचं पाणी गार होतं, जड होऊन खाली बसतं आणि सगळं तळं ढवळलं जातं. मग मासा एका ठरावीक खोलीवर सापडत नाही, दोरी कमी-जास्त खोल सोडून शोधावा लागतो. थंडीत त्याचं अंगही मंदावतं, घासामागं तो धावत नाही. म्हणून दोरी अगदी सावकाश ओढायची. गळावरचा किडा बहुधा कायरोनोमिडचा. हा डासासारखा दिसणारा, न चावणारा किडा हिवाळ्यातही पाण्यातून बाहेर पडतो. आणि पहाटेपेक्षा दुपारचे दोन-तीन तास बरे.

मग कोल्हापूरकरांनी काय करायचं?

फ्लायला येणारा आपला मासा आहे महाशीर. १८३९ मध्ये साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीरची शास्त्रीय नोंद केली. तोच हा निळ्या परांचा महाशीर, कृष्णेच्या खोऱ्यातला. मरळ आणि चिलापीही नकली किड्याला तोंड घालतात.

‘ट्राउटचं बी आणून धरणात सोडलं तर?’ ही कल्पना मात्र डोक्यातून काढलेली बरी. ट्राउट इथं मरेल. पण तगणारा परका मासा सोडला तर काय होतं, याचं उदाहरण आपलंच आहे. टाटा पॉवरनं लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास केली. तिथलं बी कावेरीत गेलं आणि तिथं हा मासा फोफावला. कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्या कारणांत धरणं, स्फोट करून होणारी मासेमारी यांच्याबरोबर हा पाहुणाही मोजला जातो.

पंचगंगेचा प्रश्न तर याहून साधा आहे. सांडपाण्यानं प्राणवायू घटला की तिथं मासे मरून तरंगतात, अगदी कमी प्राणवायूत तगणारेसुद्धा.

गळ घेऊन निघण्याआधी एक चौकशी करा. बहुतेक तलावांत मासेमारीचे हक्क ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थांकडं असतात, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकता येत नाही. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर वन्यजीव कायदा लागू होतो. मासा परत सोडणार असाल तर बिनकाट्याचा गळ वापरा आणि हात ओले करून मगच त्याला धरा. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही नंतर दगावू शकतो.